कोणाचा रे तू?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची साडेआठची मिस्सा संपली होती आणि चर्चच्या अंगणात नेहमीचे घोळके जमले होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही गावात रविवारी सकाळी जा, हेच दृश्य दिसेल. एका कोपऱ्यात वाडीतल्या केळींची चर्चा, दुसऱ्यात कोणाच्या तरी लग्नाची तारीख, तिसऱ्यात महापालिकेचं पाणी. मी घोळक्यातून निघून स्कूटर काढत होतो. बाजूला एक जोडपं उभं होतं, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. चेहरे अनोळखी. म्हटलं चला, आपण जरा माणुसकी दाखवू. मी हसून विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

ते गृहस्थही हसले. म्हणाले, "कोणाकडे नाही. आम्ही इथेच राहतो. सहा वर्षं झाली."

पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. "अच्छा, अच्छा" असं काहीतरी पुटपुटून मी स्कूटरला किक मारली (ती बटणावर चालू होते, पण त्या क्षणी हात-पाय काय करतात याचा भरवसा नव्हता). घरी येईपर्यंत डोक्यात एकच गणित चालू होतं. मी गावात परत येऊन तीन वर्षं झाली. म्हणजे मी आल्यापासून ते याच चर्चमध्ये येतायत. माझ्याआधीही तीन वर्षं येत होते. आणि पाहुणा कोण, हे ठरवणारा मी!

तर मंडळी, या आठवड्याचा विषय हा. नव्याने आलेल्या आणि परत आलेल्या माणसाला आपण आत कसं घेतो? मी चर्चबद्दल लिहितोय, कारण मला तेच ठाऊक आहे. पण तुमच्या गावचं मंदिर, सोसायटीचा गणपती किंवा ऑफिसातला तुमचा कंपू यांना हे लागू पडतं का ते तुम्हीच बघा.

आधी त्या प्रश्नाबद्दल. "कोणाचा रे तू?" हा आमच्याकडचा राष्ट्रीय प्रश्न आहे. आणि तो वाईट हेतूने विचारला जात नाही, हे आधीच सांगतो. त्याला चक्क तांत्रिक कारण आहे. आमच्या गावांत आडनावं मोजकी. डाबरे, लोपीस, परेरा, तुस्कानो, डिमेलो, रुमाव... त्यात नावंही संतांच्या यादीतून घेतलेली. एकाच नावाआडनावाचे सहा-सहा जण एका गावात सापडतात. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर आमच्याकडे नाव ही प्रायमरी की होऊच शकत नाही. मग बापाचं नाव जोडा, आजोबांचं जोडा, घराण्याचं टोपणनाव जोडा, तेव्हा कुठे रेकॉर्ड सापडतो. "कोणाचा?" ही आमची सर्च क्वेरी आहे. उत्तर मिळालं की समोरच्या म्हातारीच्या डोळ्यांत ओळख उजळते. "अगो बाय, म्हणजे तू अमक्याचा नातू!" आणि मग गालावरून हात फिरतो. लहानपणापासून मी हा हात अनुभवलाय. तो खोटा नसतो.

पण ज्याचा बाप या गावचा नाही, आजोबा या गावचे नाहीत, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? त्याच्यासाठी ही क्वेरी 'रेकॉर्ड सापडला नाही' एवढंच परत करते. आणि आपण लोक ते वाचून स्क्रीन बंद करतो.

आता हे 'बापाचं गाव इथलं नाही' असे लोक किती असतील? २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका हद्दीची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. २००९ साली महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. यातले बहुतेक लोक गेल्या तीस-चाळीस वर्षांत रेल्वेच्या कडेने वसले. त्यांत कॅथलिकही भरपूर आहेत. मुंबईतली जागा परवडेना म्हणून वसई रोडला आलेले, नालासोपारा-विरारला आलेले. मूळचे गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तमिळनाडूचे. गंमत म्हणजे आमचा वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईतून वेगळा झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. त्याआधी मुंबईहून इथे राहायला येणाऱ्या कॅथलिक माणसाचा धर्मप्रांतसुद्धा बदलत नव्हता. चर्चच्या नकाशात तो आपल्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येत होता. आम्ही मात्र त्याला आजही विचारतो, कोणाकडे आलात?

हे झालं नव्यांचं. परत येणाऱ्यांचं काय? त्यांना तर सगळे ओळखतात. त्यांचं स्वागत जोरात होत असेल ना?

माझंच सांगतो. अकरा वर्षं बंगळूर, मध्ये दोन वर्षं परदेश, आणि मग वडील गेल्यावर आई एकटी म्हणून मी घरी आलो. लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करता येतं, एवढं महामारीने शिकवलं होतं. पहिल्या रविवारी आईबरोबर चर्चला गेलो. खरं सांगतो, मधल्या वर्षांत मी नाताळ आणि ईस्टर सोडले तर फारसा चर्चची पायरी चढलो नव्हतो. त्यामुळे जरा धाकधूक होती. बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात मला किमान पंधरा जणांनी दोन प्रश्न विचारले. "कधी आलास?" आणि "परत कधी जाणार?"

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं "जाणार नाही" असं दिलं की समोरचा क्षणभर थांबायचा. त्या थांबण्यात पुढचा न विचारलेला प्रश्न असायचा. का? नोकरी गेली? काही झालं का? मी विचार केला, अरे, मी घरी आलोय. घरी आलेल्या माणसाला कोणी जायची तारीख विचारतं का? पण आमच्याकडे विचारतात. कारण बाहेर गेलेला माणूस सुट्टीवर येतो आणि जातो, हीच रीत पडून गेलीय. तो राहायला आला तर आम्हाला त्याला कुठे ठेवायचं ते कळत नाही.

मी तरी धडधाकट नोकरी घेऊन आलो होतो. माझा एक शाळेतला मित्र आखातातून २०२० मध्ये आला. काम गेलं म्हणून आला. तेव्हा चर्च बंदच होती. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. मित्र म्हणाला, "बंद होती तोवर बरं होतं रे. उघडली आणि पंचाईत झाली." मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं की तो आता गावच्या चर्चला येतच नाही. दर रविवारी ट्रेन पकडून दोन स्टेशनं पलीकडच्या एका चर्चला जातो. मागच्या बाकावर बसतो आणि संपलं की निघतो.

मी विचारलं, "तिथे काय वेगळं आहे?"

"तिथे मला कोणी ओळखत नाही."

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. ज्या गावात त्याचा बाप्तिस्मा झाला, जिथे तो वेदीसेवक होता, जिथे त्याच्या आजी-आजोबांची थडगी आहेत, तिथून तो पळून अनोळखी लोकांत जातो. आणि त्याच रविवारी त्याच गावात ते सहा वर्षं राहणारं जोडपं कोणीतरी ओळखावं म्हणून अंगणात दोन मिनिटं रेंगाळतं! एकाला नको इतकं विचारलं जातं, दुसऱ्याला कोणी काहीच विचारत नाही. पण मुळात चूक एकच आहे. आपण माणसाला त्याच्या मागच्या कुंडलीवरून ओळखायला जातो. कुंडली नसेल तर तो कोणीच नाही, आणि असेल तर तिच्यातलं प्रत्येक पान उघडून दाखवायची त्याच्यावर सक्ती.

मग बदलायचं काय? मला वाटतं, पहिला प्रश्न बदलायचा. "कोणाचा?" ऐवजी "कुठे राहतोस?" एवढंच.

हसू नका, मी गंभीर आहे. आणि हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. इंजिनिअर माणूस, काही अडलं की मॅन्युअल उघडतो. कॅथलिक चर्चचा कायदा, ज्याला कॅनन लॉ म्हणतात, त्याची आज लागू असलेली संहिता १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जारी केली. (पूर्वेकडच्या विधींच्या चर्चना वेगळी संहिता आहे, तो विषय इथे नको.) त्यात माणूस कुठल्या धर्मग्रामाचा, म्हणजे तुमच्या भाषेत कुठल्या पॅरिशचा, हे कसं ठरतं? वडिलांच्या गावावरून? नाही. घराण्यावरून? नाही. भाषेवरून? सर्वसाधारणपणे तीही नाही. धर्मग्राम ही हद्द असते आणि त्या हद्दीत राहणारे सगळे तिचे. कायम राहायच्या इराद्याने आलात तर पहिल्याच दिवसापासून. इरादा नसला, तरी पूर्ण पाच वर्षं राहिलात की तुम्ही तिथले. तीन महिने राहिलात तरी एक दुय्यम दर्जाचं रहिवासीपण मिळतंच. म्हणजे ते जोडपं चर्चच्या कायद्याने केव्हाच गावचं झालं होतं. सिस्टिम अपडेट झाली होती, मीच जुनी आवृत्ती घेऊन बसलो होतो.

त्याच कायद्यात राहण्यावरून माणसांचे चार प्रकार केलेत. कायम रहिवासी, तात्पुरता रहिवासी, आपल्या राहत्या जागेपासून दूर असलेला प्रवासी, आणि ज्याचं कुठेच घर नाही असा भटका. भटक्याला लॅटिनमध्ये 'वागुस' म्हणतात. आणि या वागुसचा धर्मगुरू कोण? तो या क्षणी जिथे आहे तिथला! मला हा नियम फार आवडला. ज्याच्याकडे आधार कार्डावर लिहायला पत्ता नाही, त्यालाही "तुझा फादर कोण" याचं उत्तर कायद्याने देऊन ठेवलंय. एकही माणूस असा सोडलेला नाही की जो कोणाचाच नाही.

परत येणाऱ्यासाठीही त्यात एक सुंदर गोष्ट आहे. तुमचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चच्या नोंदवहीत तुमचं नाव असतं. पुढे तुमचं दृढीकरण, लग्न कुठेही होवो, मस्कतला होवो की मेलबर्नला, त्याची नोंद त्या मूळ वहीत तुमच्या नावासमोर यावी असा नियम आहे. म्हणजे तुम्ही जगभर फिरता आणि तुमची एक ओळ गावच्या कपाटात वाट बघत असते. आणि ती खोडता येत नाही. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी विवाहाच्या नियमांतून 'औपचारिकरीत्या चर्च सोडलेला' हा अपवादच काढून टाकला. कारणं कायदेशीर होती, पण मी त्यातून माझ्यापुरता अर्थ काढला. वहीत 'लॉग आऊट' नावाचा रकाना नाही. मग मी पंधरा वर्षांनी आलो तरी मी नवीन अकाउंट उघडत नाहीये. जुनंच उघडतोय. त्यासाठी अंगणात मुलाखत कशाला?

आता कोणी म्हणेल, बाबा रे, कायदा कागदावर ठीक आहे. पण गावची माणसं काय म्हणतात ते ऐकलंस का? ऐकलंय. आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

वसईच्या जुन्या माणसाने डोळ्यांदेखत वाड्या जाताना पाहिल्यात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांच्या घशात हिरवी वसई जातेय म्हणून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्यात पुढे होते. तेच दिब्रिटो, जे पुढे २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये गेले. वसईचा ख्रिस्ती माणूस मराठी आहे, त्याची प्रार्थना मराठी आहे, हे उभ्या महाराष्ट्राला त्यांच्यामुळे ठाऊक झालं. ही मराठी प्रार्थनाही काही फार जुनी नाही. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि तिच्यामुळे मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. माझ्या आजीने अर्धं आयुष्य न कळणाऱ्या भाषेत मिस्सा ऐकली होती. त्यामुळे नवीन लोक इंग्रजी मिस्सा मागतात, कोकणी मागतात, तेव्हा जुन्या माणसाच्या पोटात गोळा येतो. जमीन गेली, आता प्रार्थनाही जाणार का? ही भीती खरी आहे. तिला 'संकुचितपणा' म्हणून मोकळं होणं हा आम्हा लॅपटॉपवाल्यांचा उद्धटपणा झाला.

पण या भीतीचं उत्तर दार लोटून घेण्यात आहे का? भाषा टिकवायची असेल तर ती बोलणारे वाढवावे लागतात. इतिहासात जरा मागे जा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून झालं. पाहुण्याला कोणीतरी शेजारी बसवून भाषा शिकवली असणार ना? नालासोपाऱ्यात वाढणाऱ्या मंगळूरी मुलीला आमच्या मराठी गायकवृंदात कोणी बोलावलं, तर ती मराठीच गाईल. आणि हो, पाहुण्याचंही काही काम असतं. सहा वर्षं राहून दोन वाक्यं मराठी न शिकणं हेही बरोबर नाही. पण आधी बाकावर जागा करून द्या, मग पुस्तक हातात द्या.

आणि आम्ही वसईकरांनी तर हे बोलूच नये. आमचा सगळ्यात मोठा संत कोण? गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले संत. गासचं चर्च त्यांच्या नावाचं, वसईचं कॉलेज त्यांच्या नावाचं. सोळाव्या शतकात वसईत जन्मले, वडील पोर्तुगीज, आई इथली. मग गेले थेट जपानला. तिथली भाषा शिकले, व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात शिरले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर चढवलं. १८६२ साली ते संत झाले. म्हणजे ज्याच्या नावाने आम्ही दरवर्षी सण करतो तो माणूस मोठा झाल्यापासून शेवटपर्यंत कुठल्या ना कुठल्या परक्या गावात नवखाच होता. जपानी माणसाने त्यांना "कोणाचा रे तू?" विचारलं असतं तर काय सांगणार होते? आणि वसईत परत आले असते तर आम्ही काय विचारलं असतं, ते मला चांगलंच ठाऊक आहे. "परत कधी जाणार?"

परत येणाऱ्याचा विषय निघाला की कोणत्याही प्रवचनात उधळ्या मुलाची गोष्ट येतेच. मीही टाळत नाही, पण त्यातली एकच बारीक जागा दाखवतो. धाकटा परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. धाकट्याने वाटेत माफीचं भाषण पाठ केलेलं असतं, ते बाप पुरतं बोलूसुद्धा देत नाही. मग थोरला शेतातून येतो आणि रुसून बाहेरच उभा राहतो. तो बापाशी बोलताना त्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही. 'तुझा हा मुलगा' म्हणतो. आणि बाप उत्तर देताना शांतपणे शब्द बदलून ठेवतो. तो त्याला 'तुझा हा भाऊ' म्हणतो. लूकचं शुभवर्तमान, पंधरावा अध्याय, बघा वाचून. म्हणजे त्या घरातलं भांडणही शेवटी "हा कोणाचा?" यावरूनच चाललंय. आणि दर रविवारी न चुकता येणारे, वर्गणी भरणारे, सणाला मांडव घालणारे आपण सगळे त्या गोष्टीत कोण आहोत, हे मी सांगायला नको.

बरं, नुसती टीका करून पळणं हे ब्लॉगवाल्यांचं आवडतं काम. म्हणून चार साध्या गोष्टी. एकालाही पैसे लागत नाहीत, समिती लागत नाही.

पहिली, सरकून बसा. आपण लवकर येऊन बाकाच्या कडेला ठाण मांडतो आणि मधली जागा रिकामी ठेवतो. उशिरा आलेला नवखा माणूस गुडघे ओलांडून आत कसा जाणार? तो मागे उभा राहतो. कडेची जागा सोडून मध्ये सरकलात की तुमचं अर्धं स्वागत झालं. मी परत आलो त्या पहिल्या रविवारी एका मावशींनी असंच केलं होतं. माझ्याकडे न बघताच त्या सरकल्या, आणि गाणं सुरू झाल्यावर गीतांचं पुस्तक बरोबर पान उघडून माझ्यासमोर धरलं. मी ती गाणी लहानपणी पाठ म्हणायचो, पण मध्ये इतकी वर्षं गेली होती की शब्द दगा देत होते. त्यांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. त्या दिवशीच्या पंधरा चौकशांपैकी मला एकही धड आठवत नाही, ते उघडलेलं पान मात्र आठवतं.

दुसरी, नवीन माणसाला सगळ्यांसमोर उभं करू नका. "आज जे नवीन आलेत त्यांनी उभं राहावं, टाळ्या!" हा प्रकार मी परदेशात एके ठिकाणी पाहिलाय. मीच तो उभा राहिलेला माणूस होतो. पुढच्या रविवारी मी दुसरं चर्च शोधलं. ऑफिसात नवीन माणूस आला की आपण त्याला स्टेजवर चढवत नाही, त्याला एक जोडीदार देतो. कॅन्टीन कुठे, प्रिंटर कुठे, कोणाशी जपून बोलायचं, हे तो सांगतो. तसाच एक माणूस पुरे.

तिसरी, कार्यालयाच्या वेळा. नव्याला नाव नोंदवायचं असतं, लग्न ठरलेल्याला बाप्तिस्म्याचा ताजा दाखला हवा असतो. पहाटेची विरार लोकल पकडून रात्री नऊला परतणारा माणूस कामाच्या दिवशी सकाळी अकराला कसा येणार? रविवारी मिस्सानंतर तासभर एक टेबल, एक वही आणि एक हसरा माणूस. फॉर्मवर वडिलांच्या गावाआधी राहता पत्ता विचारा. आणि पंधरा-वीस घरांचे जे छोटे प्रार्थनागट असतात, त्यांना तो पत्ता त्याच आठवड्यात कळवा. एखाद्या संध्याकाळी कोणीतरी दाराची बेल वाजवेल. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला एखादा सेल्समन सोडून दुसरं कोणी बेल वाजवतं, हेच नवल असतं.

चौथी, परत आलेल्याला तारीख विचारू नका, कारण विचारू नका. "बरं वाटलं तुला बघून" एवढं म्हणा आणि थांबा. सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल, आज नाही तर नाताळचा गोठा बांधताना सांगेल. हाताला काम असलं की तोंड आपोआप उघडतं. त्याला गोठ्यासाठी बांबू आणायला बोलवा ना!

मला कोणी विचारेल, की काहींना एकटंच बसायचं असतं, त्यांचं काय? बरोबर आहे. माझा मित्र त्यातलाच. म्हणूनच प्रश्न कमी करा म्हणतोय, वाढवा म्हणत नाही. पंढरीच्या वारीत अनोळखी माणूस अनोळखी माणसाला "माऊली" म्हणून हाक मारतो. नाव, गाव, जात, पगार, कशाचीच चौकशी नाही. आधी हाक, मग जमलं तर ओळख. आपल्याच मातीत ही रीत इतकी वर्षं चालू आहे आणि आम्ही मात्र आधी ओळख, मग जमलं तर हाक, असं उलटं चालवतो.

मित्राला मी परवा म्हटलं, येत्या रविवारी ये आपल्या चर्चला, मी बरोबर बसतो. तो म्हणाला, "आणि कोणी विचारलं तर?" मी म्हटलं, "मी सांगेन, इथेच राहतो." तो हसला. येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही.

त्या जोडप्याचं म्हणाल तर पुढचे दोन रविवार ते दिसले नाहीत. माझ्या पोटात चर्र झालं, उगाच वाटलं की माझ्यामुळेच. आज सकाळी दिसले. मुलगी तापाने आजारी होती म्हणे. मी बाकावर सरकलो, ते शेजारी बसले. नंतर अंगणात मी विचारलं, "कुठे राहता?" तर माझ्या घरापासून चालत आठ मिनिटांवर! जाता-येता मी रोज त्या बिल्डिंगवरून जातो. मग नावं विचारली. त्यांनी सांगितली, मी माझं सांगितलं. छोटीने माझ्या स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवला.

असो. रविवार संपत आला, उद्याची पहिली मीटिंग नऊला आहे. तुमच्या गावात, तुमच्या बिल्डिंगमध्ये असं कोणी सहा वर्षं उभं आहे का, जरा बघून सांगा.